कप्पाच्या तळ्याकाठी एक खोटी फुली

शाळेच्या कागदावर दोनच चौकोन होते. एक ‘जा’चा, म्हणजे हो, आणि एक ‘नाइन’चा. वर वाक्य होतं: माझ्या पाल्याला व्यवस्थित पोहता येतं. आपल्याकडे असल्या प्रश्नाला ‘थोडंफार’ असं उत्तर देतात. पेटी वाजवता येते का, थोडंफार. कानडी येतं का, थोडंफार. समोरचा काय ते समजून घेतो. जर्मन लोकांनी थोडंफारसाठी चौकोनच ठेवलेला नव्हता. मी डायनिंग टेबलापाशी उभा राहून दोन मिनिटं पेन चावलं आणि ‘जा’वर फुली मारून खाली सही ठोकली.

खरी गोष्ट अशी होती की माझी मुलगी, तेव्हा तिसरीत होती, पाच-सहा हात मारायची आणि मग काठ शोधायची. दोन वर्षांपूर्वी तिला पोहण्याच्या वर्गाला घातलं होतं. तिथे शेवटी परीक्षा होऊन पोरांना समुद्रघोड्याचा छोटा बिल्ला मिळतो आणि आया तो स्विमिंग सूटवर शिवून देतात. आठ दिवस वर्ग झाला, तिचा कान सुजला, वर्ग सुटला तो सुटलाच. पुन्हा नाव घालायचं माझ्याकडे होतं. मी ते आज-उद्या करत ढकललं, कारण तिथल्या काचेमागे बसून तिला पाण्यात बघताना माझे हात-पाय गार पडायचे. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

मग खोटं का लिहिलं? त्याला कारण माझे वडील. कृष्णेला पूर आला की पलीकडच्या काठाला हात लावून परत येणारा माणूस. मी आठ वर्षांचा असताना त्यांनी माझ्या पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि डोहात ढकललं, तसं ते सगळ्याच पोरांना ढकलायचे. बाकीची पोरं शिकली. मी इतका किंचाळलो की घाटावर धुणं धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्या डोहात साती आसरा राहतात, त्या पोरांना पाय धरून खाली ओढतात, असं आत्याने मला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. दर वर्षी ती तिथे खण-नारळाने त्यांची ओटी भरायची. माझ्या पायाला खाली काहीतरी लागलं होतं. शेवाळ असेल. पण मी पुन्हा म्हणून पाण्यात उतरलो नाही, आणि पुढची तीस वर्षं घरातल्या प्रत्येक लग्नामुंजीत वडील तो किस्सा अभिनयासकट सांगत आले.

त्यामुळे मुलीचा वर्ग सुरू झाला त्याच रविवारी मी व्हिडिओ कॉलवर छाती फुगवून म्हणालो होतो, “बाबा, तुमची नात पोहायला लागली बरं का!” म्हातारा इतका खूश झाला की त्याने शेजारच्यांना हाका मारून फोनवर बोलावलं. वर्ग सुटल्याचं मग कुणी त्यांना सांगितलं नाही. दर रविवारी ते विचारत, “काय, आमची मासोळी काय म्हणते?” आणि माझी मुलगी माझ्याकडे एकदा बघून हसायची.

ती फुली मारली तेव्हा मुलगी समोरच बसून चित्र काढत होती. तिने एकदा मान वर करून कागदाकडे बघितलं. बायको महिनाभर पुण्याला गेली होती, तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ती घरी असती तर असला कागद दप्तरात गेलाच नसता.

सहल होती आम्ही राहतो त्या रेगेन्सबर्गपासून तासाभरावरच्या एका खेड्यात. तिथे जुन्या पाणचक्कीमागे तळं आहे आणि त्या तळ्याला कप्पाचं तळं म्हणतात. चक्कीवाल्यांच्या घरात फार वर्षांपूर्वी एक जपानी सून आली, कुंभारकाम करणारी. तिची मुलं लहान असताना ती तळ्याकडे पळत, म्हणून तिने मातीचा एक कप्पा घडवून, भाजून, तळ्याच्या मधल्या खडकावर बसवला. कप्पा म्हणजे जपानी पाण्यातलं भूत. उंची लहान मुलाएवढी, पाठीला कासवासारखं कवच, तोंडाला चोच, आणि डोक्यावर खोलगट ताटली. त्या ताटलीत पाणी असेतोवर त्याच्या अंगात बळ. तो पोरांना पाण्यात ओढतो. हे सगळं मुलीने आठवडाभर मला ऐकवलं, जर्मनमध्ये, मधे मधे ‘आल्झो’, म्हणजे आपलं ‘तर’, म्हणत, कारण वर्गात कप्पाचा धडाच चालू होता.

मी तिला मराठीत आसरांची गोष्ट सांगितली. तिने लक्ष देऊन ऐकली आणि जर्मनमध्ये विचारलं, “मग तू त्यांना काकडी दिली होतीस का?”

“त्यांना काकडी नाही, खण-नारळ देतात,” मी म्हणालो.

“कप्पाला काकडी आवडते. काकडीवर आपलं नाव लिहायचं आणि पाण्यात टाकायची. मग तो आपल्याला ओढत नाही.”

शाळेनेही प्रत्येकी एक काकडी आणायला सांगितलं होतं. मी दोन घेतल्या. शिवाय ऑफिसात रजा टाकली आणि सोबत येणारा पालक म्हणून नाव दिलं. फुली मारल्यापासून लागलेली टोचणी तेवढ्याने जरा कमी झाली. माझं कामच तसलं आहे. गाडीच्या ब्रेकमधला कुठला भाग कसा कसा बिघडू शकतो आणि बिघडला तर काय काय होईल याच्या याद्या मी दिवसभर करतो, आणि त्याचे पैसे मिळतात. घरी मी तेच फुकट करतो.

सहलीच्या दिवशी सकाळी स्टेशनवर वर्गाच्या बाईंनी सगळा कार्यक्रम सांगितला तेव्हा ती टोचणी परत आली. तळ्यावर तराफा होता. ज्यांना पोहता येतं ती मुलं तराफ्यावरून मधल्या खडकापर्यंत जाणार आणि कप्पाच्या पायाशी काकडी ठेवणार. बाकीची मुलं पलीकडच्या लाकडी पुलावरून आपली काकडी पाण्यात सोडणार. “कागदावर तुम्ही भरून दिलंच आहे,” बाई आम्हा पालकांकडे बघत म्हणाल्या, आणि मी मान डोलावून “गेनाऊ” म्हणालो. अगदी बरोबर! ती मान डोलवायची काहीएक गरज नव्हती.

आगगाडीत मी मनातल्या मनात वाक्य जुळवत बसलो. ‘माफ करा, माझी फुली चुकली.’ साधं वाक्य. जर्मनमध्ये चार शब्द होतात. बाई दोन बाकं सोडून बसल्या होत्या. मी उठलो, तेवढ्यात कुणाला तरी मळमळायला लागलं आणि त्या पिशवी घेऊन धावल्या. मी बसलो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आणि हायसं वाटल्याचा स्वतःचाच राग आला.

स्टेशनवरून मक्याच्या शेतांमधून चाळीस मिनिटं चालायचं होतं. बाई सगळ्यात पुढे, मी सगळ्यात मागे, कोणी रेंगाळू नये म्हणून. माझी मुलगी मधेच कुठेतरी लाल टोपी घालून मैत्रिणीच्या गळ्यात गळा घालून चालली होती. आता मुलांसमोर सांगितलं तर काय होईल, याची मी यादी करायला लागलो. एक, तिला तराफ्यावरून उतरवतील. दोन, मैत्रिणी विचारतील, तुला पोहता येत नाही? इथे तिसरीतल्या पोराला पोहता येत नाही म्हणजे आपल्याकडे पाढे येत नाहीत तसं. तीन, बापाने खोटं लिहिलं हे सगळ्या वर्गाला कळेल. आणि नाही सांगितलं तर? त्या रकान्यात एकच गोष्ट होती आणि ती मी मनातसुद्धा पूर्ण लिहू दिली नाही.

तळं दिसलं आणि मी घाबरलो. मोठं नव्हतं, पण पाणी काळं होतं, तळ दिसत नव्हता. मधल्या खडकावर तो कप्पा उकिडवा बसला होता, शेवाळाने अर्धा हिरवा झालेला, डोक्यावरच्या ताटलीत पावसाचं पाणी साचलेलं. चेहरा काही भयंकर नव्हता. उलट हसरा होता, आणि ते जास्त वाईट. काठाला एक तराफा बांधलेला होता आणि तिथून खडकापर्यंत दोर ताणलेला. चक्कीवाले आजोबा तो दोर ओढून तराफा नेणार होते.

त्यांची जपानी बायको सत्तरीची असेल. तिने मुलांना गवतावर बसवून अस्सल बव्हेरियन जर्मनमध्ये गोष्ट सांगितली, ती माझ्यापेक्षा पोरांनाच जास्त कळली असावी. कप्पा फार सभ्य असतो, ती म्हणाली. तुम्ही त्याला वाकून नमस्कार केलात की त्यालाही वाकावंच लागतं. वाकला की ताटलीतलं पाणी सांडतं आणि तो ढिला पडतो. मग तिने सगळ्यांना उभं करून कमरेत वाकायला शिकवलं. पोरं खिदळत वाकत होती. मी तराफ्याकडे बघत होतो. पिंपांवर फळ्या ठोकलेल्या. कठडा गुडघ्याएवढा.

मुलांनी मग लाकडी काड्यांनी काकड्यांवर नावं कोरली. माझ्याकडे एक काकडी उरली होती. त्या जपानी आजी मला म्हणाल्या, “तुमचंही नाव लिहा.” मी पाठ फिरवून त्यावर माझ्या मुलीचं नाव कोरलं. तिच्या नावाच्या दोन काकड्या झाल्या. इंजिनिअर माणूस, पण त्या वेळी खण-नारळ मिळाला असता तर तोही वाहिला असता.

आता सांगायचंच, असं ठरवून मी वर्गाच्या बाईंकडे गेलो. “माफ करा,” म्हणालो. त्या वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आपुलकी होती की घोकलेलं वाक्य तिथेच राहिलं. “मी काही मदत करू का?” असं काहीतरी माझ्या तोंडून निघालं.

“हो, बरं झालं,” त्या म्हणाल्या. “चक्कीच्या अंगणात लाइफ जॅकेटं ठेवली आहेत. त्यातली उरलेली घेऊन या.”

म्हणजे जॅकेटं होती. मला जरा धीर आला. अंगणात गेलो तर तीन जॅकेटं खुंटीला होती. मी प्रत्येकाची पट्टी ओढून बघितली. एकाची बकल अर्धी तुटलेली होती. ती तशीच वापरतात का? बाकीच्यांच्या कुणी तपासल्या? कोण तपासणार, आजोबा? मी ते तुटकं बाजूला ठेवलं, दुसरी दोन उचलली आणि धावतच परत आलो.

तराफा निघून गेला होता.

सहा मुलं, सगळी केशरी जॅकेटांत, माझ्याकडे पाठ करून, आणि दोर ओढणारे आजोबा, तळ्याच्या मध्यावर. त्यांच्यात लाल टोपी. गवतावर फक्त दप्तरं पडली होती. बाकीची मुलं आणि बाई कुठे आहेत हे बघायचं मला सुचलंच नाही. मी काठावर दोन जॅकेटं छातीशी धरून उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, “नाही नाही नाही.” कुणी ऐकायला नव्हतं.

तराफा खडकाला टेकला. मुलं एकेक काकडी ठेवू लागली. मग शिकवल्याप्रमाणे सगळी एकदम, एकाच बाजूला, कप्पासमोर वाकली. तराफा त्या बाजूला कलला. फार नाही. आज मला माहीत आहे की फार नाही. किंकाळ्या झाल्या, पुष्कळशा आनंदाच्याच असाव्यात. आणि पोरं सरळ झाली तेव्हा लाल टोपी कुणाच्याच डोक्यावर नव्हती. ती पाण्यावर होती.

मी बुटांसकट आत शिरलो. पहिली चार पावलं चिखल होता, मग एकदम छातीपर्यंत पाणी. बर्फासारखं गार, जुलै असून. मी तिचं नाव घेऊन ओरडत होतो. आणखी दोन पावलं टाकली आणि उजवा पाय चिखलात रुतला. ओढला तर निघेना. खालून कुणीतरी धरल्यासारखा. त्या क्षणी मी चाळीस वर्षांचा नव्हतो, पाठीवर डबा बांधलेला आठ वर्षांचा पोरगा होतो. पाणी नाकातोंडात गेलं, जॅकेटं हातून सुटली, आणि मला एवढंच कळत होतं की ती तिथे आहे आणि मला तिच्यापर्यंत जाता येत नाही, कारण मी कधी शिकलो नाही आणि तिलाही शिकू दिलं नाही.

“बाबा! वास माख्स्ट डू डा?”

म्हणजे, तू तिथे काय करतोयस? आवाज समोरून नव्हता, डावीकडून, वरून होता. पलीकडच्या लाकडी पुलावर बाईंच्या शेजारी माझी मुलगी उभी होती. कोरडी. हातात काकडी. डोक्यावर टोपी नाही. ती तिने मैत्रिणीला दिली होती, मैत्रिणीला ऊन लागत होतं म्हणून.

पुढचं फार शोभेचं नाही. आजोबांनी दोर ओढत तराफा माझ्याजवळ आणला आणि लांब बांबू पुढे केला, मी तो धरला, बूट चिखलाला अर्पण केला आणि चारही पायांनी रांगत काठावर आलो. चोवीस मुलं बघत होती. तराफ्यावरच्या एकाने टाळ्या वाजवल्या, तशी बाकीच्यांनीही वाजवल्या.

जपानी आजींनी मला घोंगडी आणि आजोबांची विजार दिली, वर वाफाळता चहा. दात वाजत होते. बाई येऊन शेजारी गवतावर बसल्या. मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, “मी खोटी फुली मारली होती. तिला नीट पोहता येत नाही.” एवढा वेळ घोकलेलं वाक्य आता आपसूक आलं.

“मला ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “कागद आणून दिला त्याच दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली होती. म्हणाली, बाबांनी हो लिहिलंय पण मला थोडंच येतं, मला पुलावरच्या मुलांत घाला. मी म्हटलं, बाबांना सांगू का? तर नको म्हणाली. मी तिला शब्द दिला होता, पण आता तो पाळण्यात अर्थ नाही.” त्यांनी माझ्या खांद्यावरची घोंगडी सारखी केली. “तुम्ही सोबत येताय हे कळल्यावर आणखी एक म्हणाली. बाबांनाही पोहता येत नाही, त्यांना तराफ्यावर नेऊ नका. म्हणून मी तुम्हाला जॅकेटं आणायला पाठवलं.”

दोन आठवडे माझी झोप उडाली होती, आणि माझ्या मुलीने ते सगळं पहिल्याच दिवशी, दप्तर टेबलावर ठेवता ठेवता, मिटवून टाकलं होतं. वर तिने माझीही सोय केली होती. मला तिचा अभिमान वाटला असं लिहिलं तर छान दिसेल. पण मला लाज वाटली.

परतीच्या गाडीत मी खिडकीपाशी बसलो. अंगावर आजोबांची विजार, एका पायात बूट, दुसऱ्यात शाळेच्या पिशवीतला कुणाचा तरी रबरी जोडा. वाटलं होतं, ती आज माझ्याजवळ बसणार नाही, आणि त्याबद्दल मी तिला दोष दिला नसता. गाडी सुटल्यावर ती मैत्रिणीजवळून उठली आणि माझ्या शेजारी येऊन टेकली.

मी तिला खिडकीपाशी जागा करून दिली. मग विचारलं, “पिल्लू, मला का नाही सांगितलंस?”

ती माझ्याशी नेहमी जर्मनमध्ये बोलते. मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चालत आलं आहे. त्या दिवशी तिने शब्द शोधले, आजूबाजूला बघितलं आणि मराठीत म्हणाली, हळू, बाकड्यावरच्या दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून.

“आपले आजोबा तुला हसतात ना, पोहता येत नाही म्हणून. मग तू असा होतोस.” आणि तिने मान खाली घालून खांदे पाडून दाखवले.

मी म्हणालो, “पण तू तराफ्यावर गेली असतीस तर? काही झालं असतं तर?”

“मी नव्हतेच जाणार,” ती म्हणाली. “मला येतच नाही.”

तिला त्यात अवघड असं काही दिसत नव्हतं. तिच्या आजोबांसमोर, वर्गाच्या बाईंसमोर, ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांसमोर माझी लाज राखायला मी तिचा जीव पणाला लावला होता. आणि तिने माझी लाज तिच्यापरीने राखली होती, कुणालाही धोक्यात न घालता, मला कळूसुद्धा न देता. आठ वर्षांच्या पोरीवर मी हे काम टाकलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. म्हटलं, “सॉरी, पिल्लू. चूक माझी होती,” आणि तिला जवळ ओढलं.

तिने मला थोडा वेळ धरू दिलं. मग माझ्या छातीवर हात ठेवून स्वतःला अलगद सोडवलं आणि म्हणाली, “बाबा, तुझा शर्ट अजून ओला आहे.”